चूक गृहीत धरणारी विद्या

केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आकडेमोड करून दाखवली आणि त्यानंतर महिन्याभरातच त्याच्या निर्मात्याला एक अप्रिय गोष्ट कळून चुकली. मॉरिस विल्क्स तेव्हा गणितातल्या एअरी समीकरणाची उत्तरे काढणारा प्रोग्रॅम तयार करत होते. कागदी पट्टीवर भोके पाडायची, ती संगणकाला द्यायची, उत्तर चुकले की परत पट्टीकडे यायचे. अशाच एका खेपेत, जिन्याच्या वळणावर, त्यांच्या मनात आले की आपल्या उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी हा क्षण आवर्जून नोंदवला. त्या प्रोग्रॅमची सुरुवातीची एक पट्टी कित्येक वर्षांनी सापडली आणि इतिहासकार मार्टिन कॅम्बेल-केली यांनी ती तपासली, तेव्हा १२६ ओळींमध्ये सुमारे २० चुका निघाल्या.

यंत्र बांधणाऱ्या माणसाची ही गत होती. तोवर साऱ्यांचा समज असा की अवघड काम यंत्र बांधण्याचे. त्याला सूचना लिहून देणे हे कारकुनी काम. अमेरिकेत एनिअ‍ॅक हा संगणक चालवण्यासाठी ज्या सहा तरुणींनी प्रोग्रॅमिंगची पद्धत जवळजवळ शून्यातून उभी केली, त्यांची नावे लोकांपर्यंत पोचायला पुढची कित्येक दशके जावी लागली, याचे मूळही याच समजात आहे.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा इतिहास बहुतेक वेळा भाषा, पद्धती आणि साधने यांच्या वंशावळीसारखा सांगितला जातो: आधी कोबोल, मग पास्कल, मग सी, आधी एक पद्धत, मग दुसरी. ही वंशावळ खोटी नाही, पण तिच्या खाली एक जुना तंटा चालू आहे. चूक राहणारच, हे मान्य करून पुढची बांधणी करायची, की चूक नाहीच असे जाहीर करून मोकळे व्हायचे? या शास्त्राने जे काही कमावले ते पहिली वाट धरल्यावर, आणि माणसे दगावली ती बहुतेक दुसऱ्या वाटेवर.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. लहान-मोठ्या सगळ्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालावा, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. यंत्रे तयार होत गेली, पण ती चालवणारी ओएस/३६० ही प्रणाली काही केल्या पुरी होईना. फ्रेड ब्रुक्स हे या कामाचे प्रमुख होते. त्यांच्याच अंदाजानुसार ऐन भरात हजारावर माणसे यात गुंतली होती आणि १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५००० मनुष्यवर्षे खर्ची पडली. काम मागे पडले की माणसे वाढवायची, हा उपाय कुणालाही सुचेल. आयबीएमनेही तो केला आणि काम आणखी मागे पडले. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो, आणि जितकी माणसे अधिक तितके त्यांचे आपसातले बोलणे अधिक. दहा जणांत ४५ जोड्या होतात, वीस जणांत १९०.

ब्रुक्स आयबीएम सोडून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवायला निघाले, तेव्हा कंपनीचे प्रमुख टॉम वॉटसन यांनी त्यांना विचारले होते की यंत्रे बनवण्यापेक्षा प्रोग्रॅम बनवण्याच्या कामाची व्यवस्था लावणे इतके अवघड का असते. या प्रश्नाचे उत्तर म्हणून ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या कामात माणसे घातली तर उशीर वाढतो, हा त्यांचा नियम आज पुण्या-हैदराबादच्या कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरला पाठ असतो. तरीही मुदत जवळ आली की माणसे घातली जातातच.

ओएस/३६०चे हाल सगळ्या जगाने पाहिले होते. म्हणूनच ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या दिवसांत जर्मनीतल्या गार्मिश या डोंगराळ गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली, तेव्हा तिचा सूर काळजीचा होता. अकरा देशांतून पन्नासएक माणसे आली होती. अध्यक्षस्थानी म्युनिकचे फ्रित्स बाउअर होते. परिषदेचे शीर्षक मुद्दामच टोचणारे ठेवले होते: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. पूल आणि विमाने बांधणाऱ्यांकडे आधी हिशेब असतो, मग बांधकाम होते. प्रोग्रॅमवाल्यांकडे असा हिशेब कुठे आहे, हा त्यामागचा सवाल. बेल लॅब्सच्या डग मॅकइलरॉय यांनी तिथे तयार सुट्या भागांची कल्पना मांडली. बाजारातून नटबोल्ट आणावेत तसे प्रोग्रॅमचे तपासलेले तुकडे घेऊन जोडावेत, असे त्यांचे म्हणणे होते. आज ती कल्पना प्रत्यक्षात आली आहे, तिच्या धोक्यांसकट.

वर्षभराने, ऑक्टोबर १९६९ मध्ये, रोमला दुसरी परिषद झाली. गार्मिशला संकट आहे यावर एकमत होते, रोमला उपायावर एकमत होईना. आयबीएमच्या मार्टिन हॉपकिन्स यांनी तिथे सांगितले की ओएस/३६०च्या प्रत्येक नव्या आवृत्तीत हजारएक चुका असतात आणि हा आकडा साधारण तेवढाच राहतो. जुन्या चुका काढताना नव्या शिरतात, असा त्याचा अर्थ. हॉलंडचे एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी त्याच परिषदेत बजावले की चाचण्या करून चुका आहेत एवढेच दाखवता येते, त्या नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही. त्या दिवसांत हे दोन्ही कबुलीजबाब पराभवासारखे वाटले असतील. खरे तर नव्या विद्येचा पाया तिथे पडत होता.

तो पाया प्रत्यक्ष कामात कुठे दिसला, तर चंद्राच्या वाटेवर.

एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत अपोलो यानांचे प्रोग्रॅम लिहिले जात होते. मार्गारेट हॅमिल्टन यांच्याकडे पुढे या कामाचे नेतृत्व आले. त्या आपल्या लहान मुलीला, लॉरेनला, अनेकदा संध्याकाळी प्रयोगशाळेत घेऊन येत. एकदा यानाच्या नमुन्याशी खेळताना लॉरेनने उड्डाणाच्या वाटेत असतानाच पी०१ हा प्रोग्रॅम सुरू केला. तो उड्डाणापूर्वी, जमिनीवर वापरायचा. नमुना कोलमडला. अंतराळवीराच्या हातूनही असे होऊ शकेल, म्हणून अशी आज्ञा नाकारणारा कोड घालावा, असे हॅमिल्टन यांनी सुचवले. उत्तर मिळाले की अंतराळवीर कसून तयार केलेले असतात, ते अशी चूक करणार नाहीत. मार्गदर्शक टिपणात एक सूचना घालण्यावर समाधान मानावे लागले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परतत असताना जिम लॉव्हेल यांनी नेमके पी०१ सुरू केले. यान अजून तळावरच उभे आहे असे संगणकाला वाटले आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून आहोत याची त्याच्याकडची माहिती गेली. पृथ्वीवरच्या माणसांच्या मदतीने, ताऱ्यांचे वेध घेऊन, ती पुन्हा भरावी लागली. लॉव्हेल त्या काळातल्या सर्वांत अनुभवी अंतराळवीरांपैकी एक होते.

पुढच्याच जुलैत अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ हा इशारा दाखवला. गरज नसलेले एक रडार त्याच्यावर कामाचा बोजा टाकत होते. पण काम झेपेनासे झाले तर काय करायचे, याचा विचार प्रणाली रचताना आधीच झाला होता. हॅल लॅनिंग यांच्या रचनेत प्रत्येक कामाला अग्रक्रम होता. संगणक पुन्हा सुरू झाला, बिनमहत्त्वाची कामे बाजूला टाकली आणि उतरण्याचे गणित करत राहिला. इथे अडचण टळली नव्हती. अडचण येईल हे धरून चालल्यामुळे ती पचली.

गार्मिशची परिषद झाली त्याच १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. दोन घटनांचा आपसात संबंध नाही, पण पुढची तीस वर्षे त्यांना एकमेकींकडे ओढत नेणार होती. मुंबईला संगणक नवा नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टीफ्रॅक १९६० साली कामाला लागला होता. टीसीएसचे सुरुवातीचे काम मात्र साधे होते, टाटा समूहातल्या कंपन्यांसाठी पंचकार्डांवर हिशेब करून देण्याचे. फकीरचंद कोहली १९६९ मध्ये आले आणि १९७४ पासून कंपनी परदेशी कामे घेऊ लागली. १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभे राहिले. झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कलच्या कम्पायलरवर काम केलेले केसव नोरी पुढे या संस्थेत आले. दुसऱ्याने लिहिलेला लाखो ओळींचा कोड यंत्राकरवी वाचून त्याचे विश्लेषण कसे करायचे, हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा विषय झाला.

विषयाची ही निवड फार दूरदृष्टीची होती. १९९०च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या बँका आणि विमा कंपन्या अचानक जाग्या झाल्या. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, त्यामुळे २००० साल उजाडताच ०० म्हणजे १९०० धरले जाण्याचा धोका. हे प्रोग्रॅम लिहिणारे निवृत्त झालेले, कागदपत्रे गहाळ, काही ठिकाणी मूळ कोडही सापडेना. वायटूकेच्या या कामासाठी मुंबई-पुण्याहून हजारो तरुण न्यू जर्सीला, शिकागोला, लंडनला गेले आणि अनेकांनी इथल्याच इमारतींत रात्रपाळ्या केल्या. कित्येक मराठी घरांत अमेरिकेहून आलेला पहिला फोन याच काळातला.

या पिढीविषयी नेहमी एवढेच बोलले जाते की तिला संधी मिळाली. तिने काय केले हेही सांगायला हवे. अनोळखी माणसाने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोबोल वाचायचा, त्याच्या मनात काय होते ते ताडायचे, तारीख कुठे कुठे दडली आहे ते हुडकायचे, दोनाचे चार आकडे करायचे किंवा अमुक आकड्याच्या खाली असेल तर २००० चे शतक धर अशी अट घालायची, आणि एवढे करून बाकी काहीही बिघडू द्यायचे नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमधले सर्वांत मोठे काम हेच आहे. नवे लिहिण्यापेक्षा जुने सांभाळण्यात अधिक आयुष्ये जातात. आयबीएममध्येच ओएस/३६०चा अभ्यास करताना मॅनी लेमन यांना १९७०च्या दशकात दिसले होते की वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलावा लागतो आणि मुद्दाम आवरला नाही तर दर बदलागणिक तो अधिक गुंतागुंतीचा होतो. वायटूकेची रात्र शांतपणे गेली, तेव्हा भीती उगाच घातली होती असे अनेकांना वाटले. ती शांतता या वाचणाऱ्यांनी कमावलेली होती.

चूक नाहीच असे म्हणणाऱ्यांची कहाणी वेगळी आहे आणि ती सांगताना हात जड होतो.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडाच्या एका सरकारी कंपनीने बनवले होते. अमेरिका आणि कॅनडात मिळून ११ यंत्रे बसली. आधीच्या थेरॅक-२० मध्ये प्रमाणाबाहेर किरणे सुटू नयेत म्हणून यंत्रातच अडथळे होते. नव्या यंत्रात ती जबाबदारी बरीचशी सॉफ्टवेअरवर सोपवली आणि अडथळे काढून टाकले. हे सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच माणसाने, जुन्या यंत्रांवरून उचलत, काही वर्षांत लिहिले होते. १९८३ मध्ये कंपनीने धोक्यांचा अभ्यास केला, त्यात सॉफ्टवेअरमधल्या चुका हिशेबातच घेतल्या नाहीत. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड मात्रा मिळाली आणि त्यांतले किमान तिघे त्यामुळे गेले. भाजल्यासारखे वाटले असे रुग्ण सांगत होते आणि या यंत्रातून जास्त मात्रा जाणे शक्यच नाही, असे उत्तर येत होते.

टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयातले भौतिकतज्ज्ञ फ्रित्स हेगर यांनी उत्तर मानले नाही. ते आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी तिथे झालेल्या दोन अपघातांच्या वेळी नेमक्या कोणत्या कळा दाबल्या गेल्या, ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. अखेर मेख सापडली. पडद्यावर भरलेली माहिती अनुभवी तंत्रज्ञाने आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, तर पडद्यावर बदल दिसे, पण यंत्राच्या आत तो पोचत नसे. नवख्या, सावकाश टंकणाऱ्या माणसाकडून ही चूक कधी उघड झालीच नसती. आणि हीच चूक जुन्या थेरॅक-२० मध्येही होती. शिकागो विद्यापीठात विद्यार्थी त्या यंत्रावर वाटेल तशा कळा दाबत, तेव्हा त्याचे फ्यूज उडत. तिथला साधा फ्यूज वर्षानुवर्षे माणसे वाचवत होता आणि कुणाला कळत नव्हते. पुढे नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो पहिल्या वर्षी वाचायला हवा, भाषा कोणतीही शिकवण्याआधी.

'आधी चालले म्हणून आताही चालेल' हा 'चूक नाहीच' या विश्वासाचा भाऊ. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातल्या कुरू तळावरून एरियान ५ हा अग्निबाण पहिल्यांदा उडाला आणि चाळीसएक सेकंदांत, चार वैज्ञानिक उपग्रहांसह, आकाशात फुटला. दिशा सांगणाऱ्या संगणकातला कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत भरली जाई. एरियान ४ च्या वाटेवर ती संख्या कधी एवढी मोठी होत नसे. एरियान ५ आडव्या दिशेने अधिक वेगाने जात होता. संख्या मावली नाही, संगणक बंद पडला. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तोच कोड, म्हणून तोही बंद पडला. सर्वांत वेदनादायक भाग असा की तो हिशेब उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतच नव्हता.

जाक-लुई लायन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने जुलैत अहवाल दिला. चूक दिसेपर्यंत सॉफ्टवेअर बरोबर आहे असे मानण्याचा दृष्टिकोन त्यांनी दोषी धरला. उत्तमातल्या उत्तम पद्धतींनी ते बरोबर आहे असे दाखवले जाईपर्यंत ते सदोष मानावे, असे मंडळाचे मत पडले. रोममध्ये जे पराभवासारखे वाटले असेल, ते सत्तावीस वर्षांनी एका सरकारी अहवालात नियम म्हणून आले.

सॉफ्टवेअरलाच हे इतके का भोवते, याचे उत्तर ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये एका निबंधात दिले. सॉफ्टवेअरमध्ये एकसारखे भाग फारसे नसतात, असले तर ते एकच करून टाकले जातात. म्हणून आकारासोबत गुंतागुंत वाढत जाते. ते डोळ्यांना दिसत नाही. धरणाच्या भिंतीला तडा जाण्याआधी ओल दिसते. थेरॅकच्या कोडला ओल आली नाही. आणि ते बदलणे सोपे दिसते, म्हणून सगळे बदल त्याच्याच माथी येतात. सगळ्या अडचणी एका फटक्यात सोडवणारी जादू येणार नाही, असे ब्रुक्स यांनी तेव्हाच बजावले होते. त्यानंतर अशी जादू बरोबर घेऊन आल्याचा दावा करणारी साधने आणि पद्धती दर काही वर्षांनी येत राहिल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्डला १७ जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातली थोडे थोडे करून दाखवण्याची आणि बदल स्वीकारण्याची दृष्टी खरोखर उपयोगी ठरली, कारण आपला पहिला अंदाज चुकणार हे तिने आधीच मान्य केले.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. पुलाच्या नकाशावर परवानाधारक अभियंत्याची सही असते. अमेरिकेत टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरना परवाने देण्याची वाट खुली केली. २०१३ पासून देशपातळीवर परवाना परीक्षाही सुरू झाली. ती द्यायला इतके थोडे लोक आले की एप्रिल २०१९ नंतर ती बंद करण्यात आली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखाशाखांत होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसवली होती. ती फुजित्सूने पुरवलेली. हिशेबात तूट दिसली की ती शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरने भरायची. तूट खोटी आहे असे ते सांगत राहिले आणि प्रणाली भक्कम आहे असे पोस्ट ऑफिस सांगत राहिले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक पोस्टमास्तरांना होरायझनच्या आकड्यांवर गुन्हेगार ठरवले गेले. कुणी तुरुंगात गेले, कुणाचे घर गेले, काहींनी जीव दिला. वेल्समध्ये पोस्टाची शाखा चालवलेले ॲलन बेट्स आणि त्यांचे सहकारी मागे हटले नाहीत. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे शाखांच्या हिशेबात तफावती येऊ शकत होत्या व अनेकदा आल्या, असा निर्णय दिला. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून या शिक्षा एकत्रितपणे रद्द केल्या.

पोस्टमास्तरांवरच्या खटल्यांना बळ देणारी एक कायदेशीर सोय होती. संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याने यंत्र नीट चालत होते हे दाखवावे, अशी अट ब्रिटिश कायद्यात पूर्वी होती. १९९९ च्या एका कायद्याने ती काढली. तेव्हापासून संगणक बरोबर चालतो असे न्यायालय धरून चालते आणि तसे नाही हे आरोपीने दाखवायचे असते. ज्या पोस्टमास्तरला होरायझनचा कोड कधी पाहायलाही मिळाला नाही, त्याने हे दाखवायचे होते. हे गृहीतक बदलावे का, याविषयी ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये लोकांची मते आणि पुरावे मागवले.